ओहम मास्तरांचा नियम

स्मरणिकेसाठी विज्ञानाशी संबंधित काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. माझा पोटापाण्याचा व्यवसाय विजेच्या कामाचा. त्यामुळे ज्यांचे नाव दिवसातून दहा वेळा तोंडी येते, त्या माणसाचे चरित्र सांगावे असे ठरवले. ते म्हणजे जॉर्ज सायमन ओहम.

नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध, हे सूत्र कोणी समजून, कोणी पाठ करून, पण लिहिले सगळ्यांनीच. मात्र हा नियम शोधला तेव्हा ओहम कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे शाळामास्तर होते, आणि शोध लागला तो शाळेच्याच प्रयोगशाळेत. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. आपल्या शिक्षकांच्या उपस्थितीत होणाऱ्या मेळाव्याच्या अंकात ती यावी, म्हणून हा लेख.

कुलूपवाल्याचे घर

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलुपे तयार करणारे कारागीर, आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. सात मुलांपैकी तीनच जगली: जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. पण दिवसभर लोखंड घासून झाल्यावर हा माणूस पुस्तके घेऊन बसे. स्वतःच्या हिमतीवर ते गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले आणि जे शिकले ते दोन्ही मुलांना शिकवले. गावातल्या शाळेत विज्ञानाचे शिक्षण नावापुरतेच होते. मुलांची खरी शाळा घरीच भरत होती. एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा ते इतके चकित झाले की त्यांनी या भावांची तुलना गणितातील प्रसिद्ध बर्नुली बंधूंशी केली. पुढे मार्टिनही बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याचे मन अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्डस यांत जास्त रमले. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवतो आहे, हे बघून वडिलांचा संताप झाला. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि १८०६ मध्ये सतरा वर्षांचा जॉर्ज स्वित्झर्लंडमधील गोटश्टाट येथे एका शाळेत गणित शिकवायला रुजू झाला. त्यांच्या मास्तरकीची ही सुरुवात.

पंचवीस वर्षांची वणवण

स्वित्झर्लंडमध्ये ओहम यांनी आधी शाळेत, मग खाजगी शिकवणी करत साडेचार वर्षे काढली. फावल्या वेळात लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्याने ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे गणिताचे ग्रंथ एकट्याने वाचले. १८११ मध्ये परत येऊन त्याच वर्षी ऑक्टोबरात एर्लांगेनची डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात अध्यापनही सुरू केले, पण मानधनात पोट भरेना. तीन सत्रांनंतर ती वाट सोडावी लागली.

१८१३ मध्ये बव्हेरिया सरकारने त्यांना बांबेर्ग येथे गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक नेमले. शाळा सुमार दर्जाची होती. तिथे असताना भूमिती कशी शिकवावी यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. १८१६ मध्ये शाळाच बंद पडली आणि त्यांना गावातल्या दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या शाळेत गणिताला मदतनीस म्हणून पाठवले गेले. शाळा बंद पडून दुसरीकडे समायोजन होणे म्हणजे काय, हे आपल्या शिक्षकवर्गाला वेगळे सांगायला नको.

या कंटाळवाण्या काळात ओहम यांनी भूमितीच्या पुस्तकाचे हस्तलिखित थेट प्रशियाच्या राजाकडे पाठवले. राजाला ते पसंत पडले आणि १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइट परंपरेच्या जुन्या, नामांकित शाळेत त्यांची नेमणूक झाली. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. या शाळेत दोन गोष्टी होत्या ज्या बांबेर्गला नव्हत्या: शिकण्याची ओढ असलेली मुले आणि उपकरणांनी भरलेली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. इथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मुलगा होता पेटर डिरिश्ले. तो पुढे एकोणिसाव्या शतकातील थोर गणितज्ञांपैकी एक ठरला.

तार, बर्फ आणि उकळते पाणी

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसले की विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हलते. युरोपभर प्रयोगांची लाट आली. धारा कमी की जास्त हे आता सुईवरून मोजता येणार होते. कोलोनमध्ये ओहम शाळेचे तास संपल्यावर प्रयोगशाळेत थांबू लागले. वडिलांच्या कारखान्यात हाताला लागलेले वळण आता कामी आले, कारण लागणारी बरीच उपकरणे त्यांनी स्वतःच बनवली.

त्यांचा प्रश्न साधा होता. तार जितकी लांब, तितकी धारा कमी होते, हे दिसत होते. पण नेमकी किती कमी?

१८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला. त्यात धारेतील घट आणि तारेची लांबी यांचा संबंध जोडणारे लॉगरिदमचे सूत्र होते आणि ते चुकीचे होते. दोष त्यांच्या मोजणीपेक्षा विजेच्या उगमाचा होता. त्या काळचे व्होल्टाचे सेल जोडल्याबरोबर जोरात चालत आणि लगेच ढेपाळत. दाबच स्थिर नसेल तर तारेमुळे किती फरक पडला आणि सेलमुळे किती, हे वेगळे कसे करणार? ज्यांनी शाळेत जुन्या सेलवर रीडिंग घेतले आहे त्यांना ही अडचण पक्की माहीत आहे: काटा स्थिरच होत नाही.

विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना एक सूचना केली. सेल सोडा, थर्मोकपल वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज निर्माण होते, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत, म्हणून दाबही हलत नाही. सोन्याच्या चपट्या पट्टीला चुंबकसूची टांगली. धारा सुरू झाली की सुई वळे. मग पट्टीला वरून पीळ देऊन सुई मूळ जागी आणायची. किती पीळ द्यावा लागला, त्यावरून धारा किती हे कळे.

जानेवारी १८२६ मध्ये त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या. सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. प्रत्येक तारेला सुईचे माप नोंदवले आणि त्यातून सूत्र काढले: एक ठरावीक संख्या भागिले (दुसरी ठरावीक संख्या अधिक तारेची लांबी). त्यांच्या एका नोंदीसाठी या संख्या ७२८५ आणि २०.२५ येतात. पडताळून पाहा. ४ इंची तारेला ७२८५ भागिले २४.२५ म्हणजे सुमारे ३००.४, आणि प्रत्यक्ष मोजमाप ३००.७५. १८ इंचीला हिशेब १९०.५, मोजमाप १९०.७५. १३० इंचीला हिशेब ४८.५, मोजमापही ४८.५. दोनशे वर्षांपूर्वी, हाताने बनवलेल्या उपकरणावर, शाळेच्या प्रयोगशाळेत!

या दोन संख्या म्हणजे काय, हे ओळखण्यात खरी प्रतिभा होती. ओहम यांनी सांध्यांच्या तापमानातला फरक कमी करून तोच प्रयोग पुन्हा केला. पहिली संख्या एकदम घसरली, दुसरी होती तिथेच राहिली. म्हणजे पहिली संख्या विजेच्या उगमाची, तिला आपण आज विद्युतदाब म्हणतो. दुसरी संख्या आणि तारेची लांबी या दोन्ही मार्गातल्या अडथळ्याच्या: एक उपकरणातल्या अडथळ्याची, दुसरी बाहेरच्या तारेची. दाब वेगळा, रोध वेगळा आणि धारा म्हणजे त्यांचा भागाकार. आपण तीन अक्षरांचे सूत्र म्हणून जे शिकलो, ते या एका वेगळेपणातून आले आहे.

इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना असाच संबंध याआधी सुमारे ४५ वर्षे सापडला होता. पण त्यांनी तो प्रसिद्धच केला नाही. त्यांच्या वह्या मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये छापल्या, तोवर जगाला त्याचा काही उपयोग झाला नव्हता. ओहम यांनी मात्र सापडलेले सगळे जगापुढे मांडले आणि त्याची किंमतही मोजली.

अर्ध्या पगाराची रजा

ऑगस्ट १८२६ मध्ये ओहम यांनी शाळेतून एक वर्षाची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर. भाऊ मार्टिन बर्लिनमध्ये होता, तिथे जाऊन त्यांनी पुस्तक पूर्ण केले. १८२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विद्युतमंडलाचे संपूर्ण गणिती विवेचन त्यात होते. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णतेच्या वहनाचे जसे गणित मांडले होते, तशाच धर्तीवर त्यांनी विजेच्या वहनाचे मांडले. या पुस्तकाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती.

ती फोल ठरली. त्या वेळी जर्मनीत भौतिकशास्त्र म्हणजे प्रयोगांचे वर्णन, आणि निसर्गाचा उलगडा तत्त्वज्ञानाने करायचा, असे मानणाऱ्यांचा जोर होता. समीकरणांनी भरलेले पुस्तक पाहून अनेकांनी ते बाजूला ठेवले. हेगेलच्या विचारांचे अनुयायी असलेले पोल यांनी तर कडक टीका केली. जी मंडळी निर्णय घेणार होती त्यांच्यापैकी कोणी शाळामास्तराच्या पाठीशी उभे राहिले नाही. दुखावलेल्या ओहम यांनी मार्च १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय ३९, हाती कायमची नोकरी नाही, लग्न केलेले नाही. पुढची काही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये लष्करी शाळेत आठवड्याला थोडे तास गणित शिकवून काढली.

ज्या संशोधनासाठी त्यांचे नाव आज प्रत्येक शाळेत घेतले जाते, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातली उमेदीची पाच-सहा वर्षे अशी गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापक म्हणून घेतले. हवे होते ते विद्यापीठ हे नव्हे, पण जागा पक्की होती. १८३९ मध्ये ते तिथले संचालकही झाले. आज त्या शहरातल्या तंत्रविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.

दरम्यान नियम आपल्या पायांनी चालत होता. जर्मनीत फेख्नर, रशियात लेंझ यांनी तो वापरून बघितला आणि तो बरोबर निघाला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला. पुस्तक निघाल्यापासून चौदा वर्षांनी, परक्या देशाने आधी दखल घेतली. बव्हेरियाच्या अकादमीने पूर्ण सदस्यत्व १८४५ मध्ये दिले.

रोधापासून शक्तीपर्यंत

त्याच १८४१ साली इंग्लंडमध्ये बिअर बनवण्याचा कारखाना असलेल्या घरातल्या जेम्स जूल या तरुणाने पुढची पायरी घातली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे त्याने मोजून दाखवले. ओहम आणि जूल यांचे नियम एकत्र केले की दोनच आकड्यांतून बाकी सगळे निघते. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

याचा रोजचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. गीझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलेले असते. २००० भागिले २३०, म्हणजे धारा ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे रोध सुमारे २६.४ ओहम. आता गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले, तर? गीझरची कॉइल तीच, रोध जवळजवळ तोच. धारा १८० भागिले २६.४, म्हणजे ६.८ अँपिअर. शक्ती १८० गुणिले ६.८, म्हणजे सव्वाबाराशे वॅटच्या आसपास. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरले, पण शक्ती जवळजवळ ४० टक्क्यांनी. पाणी तापायला इतका वेळ का लागतो, याचे उत्तर यात आहे.

दुसरे उदाहरण ओहम यांच्या मूळ प्रश्नाचेच, तारेच्या लांबीचे. घरापासून दूरच्या शेडपर्यंत बारीक वायर ओढली आणि जाण्या-येण्याचा मिळून तिचा रोध दीड ओहम आहे असे धरू. १० अँपिअर धारा घेतली तर वायरमध्येच १५ व्होल्ट खाल्ले जातात आणि १५० वॅटची उष्णता होते. धारा २० अँपिअर केली तर ३० व्होल्ट जातात, पण उष्णता दुप्पट न होता चौपट होते, ६०० वॅट. वायर गरम का होते, इन्शुलेशन का वितळते आणि वायरमन जाड वायर का मागतो, हे या दोन ओळींत कळते. तो उगाच खर्च वाढवत नसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर हिशेबाने त्याचा रोध ५२९ ओहम येतो. तोच बल्ब बंद असताना मल्टीमीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. नियम चुकलेला नाही. थंड फिलामेंट आणि पांढरी तापलेली फिलामेंट यांचा रोध वेगळा असतो. तापमान आणि भौतिक स्थिती कायम असताना, ही पाठ्यपुस्तकातली अट आपण परीक्षेत लिहायला विसरत असू आणि बाई अर्धा गुण कापत. ती अट म्हणजे ओहम यांचे उकळते पाणी आणि बर्फ. एलईडी दिवे आणि पंपाच्या मोटारींना हा साधा भागाकार जसाच्या तसा लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटची वर्षे

न्यूरेंबर्गला असताना ओहम यांनी ध्वनीवर काम केले. कानाला ऐकू येणारा मिश्र स्वर आपण त्यातल्या साध्या स्वरांत विभागून ऐकतो, हा विचार त्यांनी १८४३ मध्ये मांडला. त्यावर बराच वाद झाला आणि पुढे हेल्महोल्ट्झ यांनी तो उचलून धरला.

१८४९ मध्ये ते म्युनिकला अकादमीच्या भौतिकशास्त्रीय उपकरणसंग्रहाचे अभिरक्षक म्हणून गेले आणि विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. ज्या पदाची वाट त्यांनी कोलोनमध्ये पाहिली होती, ते विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना १८५२ मध्ये मिळाले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. पद जेमतेम दोन वर्षे भोगता आले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. व्होल्ट आणि अँपिअर ही एककेही तिथेच मान्य झाली. व्होल्टा इटलीचे, अँपिअर फ्रान्सचे, ओहम जर्मनीचे. तिघांपैकी दोघांना हयातीतच मोठा मान मिळाला होता. तिसऱ्याचे बहुतेक आयुष्य शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे गेले.

ओहम यांनी बांबेर्गच्या वर्गात किंवा कोलोनच्या प्रयोगशाळेत किती मुलांना शिकवले असेल! त्यातला डिरिश्ले एकच झाला. बाकीच्यांची नावे इतिहासात नाहीत. कोणी दुकान चालवले असेल, कोणी शेती केली असेल, कोणी सरकारी कचेरीत बसले असेल, आपल्या बॅचसारखेच. त्यांनाही त्याच मास्तरांनी त्याच काळजीने भूमिती शिकवली असणार. मेळाव्याला येणारे आपले सर आणि बाई आता थकले आहेत, काही जण आपल्यात नाहीत. त्यांच्या नावाचे एकक कुठे होणार नाही. पण आपल्यापैकी जो कोणी आज वायरचा आकार हिशेब करून निवडतो, वीजबिलातले युनिट तपासतो किंवा नातवाला गीझरचे गणित समजावून सांगतो, त्याच्या हातून त्यांचे काम चालू आहे. या मेळाव्यात भेटल्यावर त्यांना हे जरूर सांगावे.